एकच सेट

डुलूथमधलं तळघर. बाहेर सरोवर गोठलंय,
लोखंडी दांडा तळहाताला चिकटतो.
वेंडेल कांगस म्हणतो, आठवड्यातून एकदा, एकच सेट,
पण असा, की त्यानंतर दांडा तसूभर हलू नये.
मग सात दिवस काही नाही.
स्नायू झोपेत वाढतो, पोरा.

ब्रॉडी हसतो. त्याचे पाच दिवस, वीस-वीस सेट,
क्रिएटिन, प्रोटीनची पावडर,
आणि ते लाल काहीतरी, ज्यानं कानांना मुंग्या येतात.
"महागडं मूत," म्हातारा म्हणतो.
"आळशांचं शास्त्र," ब्रॉडी.
डब्यावरची बारीक अक्षरं
दोघांपैकी कुणीच वाचलेली नाहीत.

भांडण गेल्या हिवाळ्यातलं. शिळं झालेलं नाही.

शुक्रवारी गाडी बर्फात रुतली
म्हणून ब्रॉडी त्याच्याकडे राहिला.
नऊला वेंडेलनं अर्लीनला खुर्चीतून उचललं,
चौदा पायऱ्या,
मध्ये एकदाच भिंतीला टेकून.
रोज? ब्रॉडीनं विचारलं.
उत्तर द्यायला श्वास उरला नव्हता.

वरून नुसतं मोजणं ऐकू आलं,
खाली ठेवतानाचं, तळघरातलंच, संथ,
एक... दोन... तीन...
चारला पलंग करकरला.