एकतिसावं प्रकरण

कापूस संपला, जिनिंग बंद झालं
की वजनकाट्याच्या केबिनमध्ये मला काम नसतं.
एक कूलर, त्यातलं खस मागच्या वर्षीचं,
एक रजिस्टर, भिंतीवर पाटी : बिडी-काडी सक्त मना.
आणि दर गुरुवारी, बाजार आटोपला की
दुसऱ्याच एका देशाची माणसं इथं गोळा होतात.

देश म्हणजे त्या जाड पुस्तकातला.
सहाशे बारा पानं. पहिल्याच पानावर नकाशा,
नकाशात नद्या सात, अन् एकीतही पाणी नाही,
नुसतं धुकं.
सोनटक्के कंडक्टरनं तो तिकिटांच्या रोलमागं उतरवून घेतला,
म्हणून त्याच्याकडचा देश जरा लांबट आहे.

पुस्तक एकच. वर्गणी काढून नागपूरहून आणलेलं.
पहिल्या दिवशी हौसेनं काट्यावर ठेवलं :
शून्य.
दहा किलोखालचं काही त्याला दिसतच नाही.
मग आम्ही चौघं चढलो, दोनशे साठ.
पुस्तक हातात घेऊन चढलो,
तरी दोनशे साठ.

वाद होतात. एक अख्खा गुरुवार यावर गेला
की मे महिन्यात ड्रॅगन आपल्याकडे आला तर काय.
"सत्तेचायीस डिग्रीत कोन भेते त्याले," कंडक्टर म्हणाला,
"तोच इचारन, भाऊ, रसवंती कुठीसा हाय?"
मी म्हटलं, येऊ दे, पण कापसाच्या गंजीजवळ नाही.
पाटी दाखवीन.

उईके मास्तर फार बोलत नाहीत.
एकदाच म्हणाले, आमच्या आजोबांची वाघाशी बोलणी झाली होती,
कोणी कुठवर यायचं याची.
आम्ही त्याला कल्पना म्हणत नव्हतो.
कोणी हसलं नाही. कूलर घरघरत राहिला.
मग कंडक्टरनं हळूच विचारलं,
"मंग वाघ काय म्हने?"

नियम एकच, कुठं लिहिलेला नाही :
ज्यानं वाचलं नाही त्याला पुढचं सांगायचं नाही.

सगळ्यात मागं वत्सला वाकोडे, उपकेंद्राच्या सिस्टर.
रात्री बाळंतपण नसेल तर चार पानं,
खुणेला लसीकरणाचं कोरं कार्ड.
त्यांचा जीव तोतऱ्या नावाड्यावर.
तो धुक्यात होडी लोटण्याआधी माणसं मोजतो,
अन् दर वेळी स्वतःला मोजायचं विसरतो.
"असाच होता माह्या भाऊ," सिस्टर म्हणतात,
"पंगतीत सगळ्याईले वाढे, अन् मंग आठवे त्याले."

एकतिसाव्या प्रकरणात
तो पहिल्यांदाच स्वतःला मोजतो.

आम्हा तिघांना ठाऊक होतं.
होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आम्ही त्याच्याबद्दल
जपून, वर्तमानकाळात बोललो.
तो मोजतो. तो अडखळतो. त्याची बहीण त्या काठावर आहे.
"भेटन ना तिले?" सिस्टर विचारायच्या,
अन् कंडक्टरला एकदम बसची वेळ आठवायची,
मास्तर चष्मा पुसायचे,
मी रजिस्टर उघडायचो, ज्यात महिनाभर नोंद नव्हती.

परवाच्या गुरुवारी त्या आल्या.
पुस्तक टेबलावर ठेवलं. कार्ड त्यात नव्हतं.
पिशवीतून लोणच्याची बरणी काढली,
झाकण घट्ट बसलं होतं, ते बराच वेळ फिरवत राहिल्या.
"तुमाले माईत होतं," त्या म्हणाल्या.
कोणीच उत्तर दिलं नाही.
"अन् दोन महिने सांभायून रायले मले."
बरणी मास्तरांनी घेतली. त्यांनाही उघडेना.

तेवढ्यात दारात सायकल आदळली.
इर्शाद, वेल्डिंगवाल्यांचा, नववीतला,
ज्याला सुट्टीत दुपारी वाचायची परवानगी मिळाली होती,
सहावं प्रकरण, धापा टाकत :
"तो नावाडी कसला भारी आहे ना, सिस्टर?"

आम्ही तिघांनी कूलरकडे पाहिलं.

त्यांनी पदरानं हाताचं तेल पुसलं.
त्याच्यासाठी खुर्ची ओढली.
"हाव रे बाबू," म्हणाल्या,
"लय भारी हाय."