टोपी टेबलावर

कोरगावच्या सरकारी शाळेत
तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते.
पट सतरा. आज पंधरा.
दोघं आजोळच्या जत्रेला.

बाईंनी खुर्ची दिली, मी बसलो नाही.
गणवेशातला माणूस उठताना कण्हला
की अर्धा धाक तिथंच संपतो.
टोपी मात्र काढून टेबलावर ठेवली,
पंख्याखाली, हजेरीवर वजन म्हणून.

पेडणे ठाण्यातून आणलेला तक्ता खिळ्यावर टांगला:
सुई, पुडी, गोळी, आणि मधोमध कवटी.
पहिल्या बाकावरून कुणी म्हणालं,
"मामा, हिचे दात आमच्या शाणूआजीसारखे."

मग मी पाठ केलेलं सुरू केलं.
अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नये, हुंगू नये,
खिशात ठेवू नये.
एक हात वर. "आणि ओळखीच्यानं दिलेलं?"
मी तक्ता उलटून पाहिला.
मागं छापखान्याचं नाव होतं.

"हुर्राक म्हणजे ड्रग्ज काय?"
मला काल रात्रीचा पेला आठवला,
लिंबू, मीठ, चिरलेली मिरची.
"मोठा झालास की सांगेन," मी म्हणालो,
आणि पंधरा चेहऱ्यांनी ओळखलं: म्हणजे होय.

शेवटी मी वाईट माणूस झालो.
मूठ पुढं करायची, त्यांनी नाही म्हणायचं.
असं नाही म्हणाली पोरं
की फणसावरचे कावळे उडाले.
प्रचिता गडेकरचे ओठ तेवढे हलले नाहीत.

घंटा झाली. सगळे पाव-भाजीकडे धावले.
ती ताट घेऊन परत आली,
तक्त्यावरच्या पुडीवर बोट ठेवलं.
"असली आमच्या दादाच्या बुटात आसा.
तो केरीला शॅकवर असतो.
तू त्याला ओरड. पण धरू नको हां."

अठरा वर्षांची सवय:
माझा हात आपोआप वरच्या खिशाकडं गेला,
जिथं वही असते.
तिनं तो हात पाहिला.
मी खिसा उगाच खाजवला.

"घरी कधी येतो दादा?"
"सोमवारी. त्याला आईच्या हातची सुंगटं लागतात."
"मी येईन सोमवारी. साध्या कपड्यांत."
"मग तू पोलीस नसशील?"
मी काहीच बोललो नाही.
तिनं अर्धा पाव मोडून पुढं केला.
ओळखीच्यानं दिलेला.
मी खाल्ला.

ठाण्यात येऊन अहवाल लिहिला:
जनजागृती कार्यक्रम शांततेत पार पडला.
उपस्थिती पंधरा. तक्ता परत जमा.
खाली एक रकाना असतो,
"मिळालेली विशेष माहिती".
तिथं पेन टेकलं होतं, त्याचा निळा ठिपका आहे.
साहेब दोनदा विचारून गेले.

आज रविवार.
बायको म्हणते, इस्त्री कशाला करतोस
या जुन्या चौकड्याच्या शर्टाला?