छाट

पत्ता सांगायला सोपा:
विडी घरकुल, पाण्याच्या टाकीमागची तिसरी गल्ली.
विषय सांगताना मात्र घसा साफ करावा लागतो.
जपान. मेजी काळ. रेशीम कारखान्यातल्या मुली,
त्यांची हजेरी आणि त्यांचा दंड.

"चीनला गेलेले आपले डॉक्टर, त्यांच्यामुळे का?"
हे पोस्टमननं विचारलं, बँकेतल्या बाईंनी विचारलं.
ते चीन, हे जपान.
"एकच की ते," म्हणत पासबुक परत सरकवलं.
यल्लूमावशी निराळी. तिला एवढंच कळायला हवंय
की डॉक्टर झाल्यावर मी गुडघ्याला काय देणार.

घरात तेलुगू, शाळेत मराठी,
रिक्षात हिंदी, भाजीवालीशी मोडकं कन्नड.
पाचवीसाठी दोन वर्षं शनिवारी पहाटे पुणं गाठलं,
पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि रकाने आखलेली वही.
त्या लिपीत 'संपणे' लिहायचं तर
डावीकडे धागा काढायचा, उजवीकडे हिवाळा.
नानांना दाखवलं. तीस वर्षं मागावर उभे राहिलेले नाना म्हणाले,
धागा बरोबर आहे. हिवाळ्याचं
आपल्याला काय कळणार.

एप्रिल. त्रेचाळीस.
लॅपटॉपखाली ओला टॉवेल, इथलाच,
काठ उसवला म्हणून निम्म्या भावात मिळालेला.
पडद्यावर एका गिरणीची खतावणी,
शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, पानांना कसर लागलेली.
खरी नावं छापायची नाहीत असा नियम आहे,
म्हणून मी हिला किकू म्हणते.
वय चौदा. करारावर बापाचा शिक्का.
उचल बापाने आधीच घेतलेली.
मंगळवार: धागा जाड, दंड.
बुधवार: चमक कमी, दंड.
गुरुवार कसरीने खाल्ला.

अम्मा कारखान्यातून आली, सूप भिंतीला टेकवलं.
"आज दीडशे छाट."
चेकर मूठ दाबतो, नाक मुरडतो,
विड्या बाजूला टाकतो.
हजाराचे साडेआठशे होतात.
पानं हिची, संध्याकाळ हिची,
मानेतली कळ तर हिचीच.

पाणी पिता पिता तिने पडद्यावरचा फोटो पाहिला,
कढईपुढे बसलेल्या मुलींची रांग.
चेहरे पाहिलेच नाहीत तिने.
"बोटं बघ. उकळत्या पाण्यातली आहेत.
रात्री हिला वेणी घालता येत नसणार."

मग माठावर झाकण ठेवता ठेवता, सहज:
"आणि यांची छाट कुठं जायची?"

म्हणजे?

"म्हणजे टाकलेला धागा. आमची छाट
मालक काय जाळतो होय?
मागच्या दारानं विकतो.
यांचा मालक काय करायचा?"

चार वर्षं. दोनशे अकरा संदर्भ.
तीन चर्चासत्रं, एकात तर चांदीच्या वर्खाची मिठाई.
दंड किती कापला ते मी मोजलं,
टक्क्यांत, दशकांत, रंगीत तक्त्यांत.
कापून घेतलेल्या मालाच्या मागे
एक पाऊलही गेले नाही.

रात्री गाईडना लिहिलं: सर, एक नवं प्रकरण.
सकाळी उत्तर आलं: प्रश्न चांगला आहे.
कुठे वाचलात?

लाइट गेली होती. कूलरची पाती
उगाच थोडी फिरून थांबली.
उंबऱ्यात बसून अम्मा पत्र्याच्या फर्म्यावर
तेंदूचं पान कापत होती,
कात्रीचा आवाज, मध्ये थोडं थांबणं, परत कात्री.
तळटीप कशी लिहायची ते मला पाठ आहे:
आडनाव, नाव, ग्रंथ, पृष्ठ.

चिप्पा, नरसम्मा,
लिहिलं आणि पुढे स्वल्पविराम दिला.

पृष्ठाच्या जागी काय लिहायचं
ते अजून ठरत नाही.
खतावणीची नव्वद पानं उरलीत,
आणि आता ती सगळी
मागच्या दारापासून वाचायची आहेत.