यात धरलेलं नाही

डुलूथला मार्चमध्ये बर्फ काळा पडतो,
रस्ते मिठाने पांढरे, गाड्यांची पोटं तांबडी.
मी करारवाल्या कंपनीची तपासनीस.
उघडून ठेवलेली यंत्रं बघायला येते,
एक टॉर्च, एक कॅमेरा आणि अकरा पानं घेऊन.
"गंज यात धरलेला नाही"
हे मी दिवसातून चारदा म्हणते,
आता आवाजसुद्धा बदलत नाही.

व्हर्ना कोस्केला वर्कशॉपच्या दारात उभी होती,
नवऱ्याचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
म्हणाली, ट्रान्समिशन गेलं. आणि आर्वो, जानेवारीत.
याच क्रमाने म्हणाली.

"पण वॉरंटी आहे ना?"

वॉरंटी वेगळी, मिसेस कोस्केला.
ती गाडी बनवणाऱ्याचा शब्द, किमतीतच आलेला,
तो केव्हाच संपला.
हा करार. वेगळे पैसे मोजून घेतलेला,
टेक्ससमधल्या एका ऑफिसशी,
जिथे कुणी बर्फ पाहिलेला नाही.
पहिले शंभर डॉलर तुमचे.
पुढे जे नावानिशी लिहिलंय तेवढंच आमचं.

तिने चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं.
"गिअर आहेत."
आहेत.
"आणि त्यांच्याभोवतीचं हे रबर?"
रबर नाही. रबर झिजतं.
झिजणं म्हणजे बिघडणं नव्हे, पान सात.

ती पान सातकडे बघत राहिली.
मागे लायल मेकॅनिक पाना पुसत होता,
पुसून झालेला पाना पुन्हा पुसत होता.
"एकावन्न वर्षं," ती म्हणाली,
पुढे काही बोलली नाही.

मग मी ते विचारलं जे विचारावंच लागतं:
तेल बदलल्याच्या पावत्या?

"पावत्या कसल्या? तोच बदलायचा."

इथे बहुतेक फायली मिटतात.
मी पेनाचं टोपण लावतच होते,
तर ती गेली शेजाऱ्याच्या पिकअपकडे
आणि एक फळी ओढत घेऊन आली.
चार फुटी, देवदाराची, टोकांना वाकडे खिळे.
घरच्या गॅरेजची भिंत पहारीने उचकटली होती तिने,
पंचाहत्तराव्या वर्षी, एकटीने.

फळीवर पेन्सिलीने तारखा. मैल. तेलाची जात.
ओळ खाली ओळ, अक्षर लहान होत गेलेलं.
"उणे बावीस. बोटं माझी नाहीत."
"फिल्टर महाग झाला, चोर आहेत."
"व्ही.चा वाढदिवस, लवकर आवरलं."
शेवटची ओळ नोव्हेंबरची,
हात कापलेला, पण मैल बरोबर.

मी स्वतः असला करार कधी घेतला नाही.
महिन्याला चाळीस डॉलर कॉफीच्या डब्यात टाकते,
गाडी मेली तर डबा फोडायचा.
हे मी कुणाला सांगत नाही, तिलाही नाही सांगितलं.
गुडघ्यावर बसून फळीचे नऊ फोटो काढले,
अहवालात लिहिलं:
देखभालीची नोंद, आहे. स्वरूप, लाकूड.

आठवड्याने टेक्ससचं उत्तर आलं.
गिअर मान्य. मजुरीचे नऊपैकी सहा तास मान्य.
रबर अमान्य, सेहेचाळीस डॉलर, ग्राहकाकडून.
आणि खाली एक ओळ:
रक्कम देण्यापूर्वी नोंदीची मूळ प्रत पाठवावी.

मी तिला फोन केला.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
पलीकडे कुठेतरी हातोडी खाली ठेवल्याचा आवाज.
"जमायचं नाही," ती म्हणाली,
"त्या भोकातून वारा येत होता,
काल परत ठोकली."

रकाना छोटा होता. मी लिहिलं:
मूळ प्रत वापरात आहे.