मनगटं

मी आधी मनगटं बघतो.
मग पावलं, मग आईची उंची.
सतरा वर्षांच्या पोरात
बाविशीतला माणूस ओळखायचा,
एवढंच माझं कसब. एकवीस वर्षं त्यावर घर चाललं.

कोल्टन व्हर्बीकची मनगटं
बाहीच्या दोन बोटं पुढे.
शर्ट गेल्या हिवाळ्यातला, आई म्हणाली.
टर्कीच्या कारखान्यातून ती थेट आली होती,
केसांवर जाळी तशीच.
चिलीबरोबर दालचिनीचे रोल वाढले,
आयोवाच्या त्या कोपऱ्यात असंच जेवतात.
वडील भिंतीला टेकून उभे. "किती वर्षं धरायची?"
मी म्हणालो, पाच. पाचात चार खेळायची.

तेव्हा ते खरं होतं.

मग नियम बदलला.
मग बदललेला नियम बदलला.
कुठल्याशा कोर्टात कुणीतरी दुपारी सही केली
आणि ज्युनियर कॉलेजातली वर्षं मोजायची नाहीत असं ठरलं.
साथीतलं वर्ष आधीच मोजत नव्हतो,
गुडघा फाटला ते वर्षही नाही.
आमच्याकडे माणसं म्हातारी होतात,
वर्षं संपत नाहीत.

डेशॉन पेटिग्रू, लेफ्ट टॅकल, वय पंचवीस.
दाढीत एक पांढरा केस, मुलगी पाळणाघरात.
माझ्या दारात उभा राहिला कागद घेऊन,
"कोच, अजून एक मिळालं."
मी त्याला मिठी मारली. ती खोटी नव्हती.
त्यालाही मीच शोधलं होतं, कॅन्ससमधल्या
एका कॉलेजात, जिथे जिमचं छत गळायचं.
तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. पण मनगटं होती.

ऑफिसात फळा आहे, नावांच्या लोखंडी पट्ट्या.
एकशे पाच.
एकशे सहावीला फळ्यावर जागा आहे,
नियमात नाही.
हेड कोच पट्टी काढताना मागे वळत नाहीत.
"तयार माणूस मिळतोय, लायल,
आता वाढवत कोण बसतो?"
डिसेंबरात रात्रभर पोर्टलमध्ये नावं पडत राहतात,
दुसऱ्यांनी वाढवलेली, वजन-उंचीसकट.
हातचं सोडून पळत्यापाठी लागू नये म्हणतात.
माझी तर नोकरीच पळत्यापाठी लागायची होती.

फोन मी पेट्रोल पंपावरून केला.
घरून करवेना, ऑफिसातून करवेना.
वारा इतका की दोनदा सांगावं लागलं.
एकदा सांगणंच कठीण होतं.

"हो सर," तो म्हणाला.
नंतर बराच वेळ कुठलासा कुत्रा भुंकत होता,
त्याच्याकडे की माझ्याकडे, कळेना.
"सर, पेटिग्रू राहतोय का?"
हो म्हणालो.
"चांगला आहे तो. पहिलं पाऊल कसं टाकायचं
ते मी त्याच्याच व्हिडिओंवरून शिकलो."

मी काय बोलणार होतो?
एखादं छोटं कॉलेज सुचवलं, दोन नंबर दिले,
एका कोचचं नाव चुकीचं सांगितलं,
हे नंतर गाडीत लक्षात आलं.
ठेवताना तोच म्हणाला,
"शुक्रवारी आमची प्लेऑफ आहे. जमलं तर या."

गेलो.
मायलेज लावलं नाही, कुणाला सांगितलं नाही.
कुंपणापाशी उभा राहिलो, व्हर्बीक मंडळींपासून लांब.
आईने ओळखलं. हात हलवला नाही,
पण कॉफी पाठवली एका लहान पोरीबरोबर,
ते जास्त लागलं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये पट्टी बांधायला
तो बाजूला आला, हातमोजे काढले,
आणि मी, सवयीने,
बघितलं.