अर्धा टक्का

प्लॅट नदीच्या काठी, कापलेल्या मक्याच्या शेतांपलीकडे
आमचं एकमजली रेडिएशन केंद्र.
एक यंत्र, एक डॉक्टर, दोन तंत्रज्ञ,
आणि हिशेबाला मी, अर्लीन कुचेरा,
एकोणीस वर्षं.

आज संघटनेचं पत्र आलं.
यापुढे किरणांच्या बैठका मोजायच्या नाहीत,
प्रत्येक रुग्णामागे एकच ठोक रक्कम,
पाच बैठका लागोत की पंचवीस.
पाठिंबा असेल तर सही करा.

डॉक्टर एंगेब्रेटसन खूश आहेत. का नसाव्यात?
व्हर्जिल होलुबेक एकशे दहा मैलांवरून येतो,
गाडी लेक चालवते, कारखान्यातली पाळी बुडवून.
पंचवीसऐवजी पाचांत भागवलं
तर त्याचे वीस दिवस वाचतात
आणि आमचं बिल पाव हिश्शाच्याही खाली जातं.
इतकी वर्षं आम्ही शहाणपणाचा दंड भरला.
हे पत्र तो माफ करतंय.
पहिल्या पानावरचा आकडाही बरा,
मी दोनदा बेरीज करून पाहिली.

मग शेवटचं पान.
रक्कम दरसाल वाढेल,
महागाई जितकी, तितकी,
उणे अर्धा टक्का.
पाचव्या वर्षानंतर ‘पुनर्विचार होईल’.
कोण करील, ते लिहिलेलं नाही.

“अर्धा टक्का, अर्लीन,” डॉक्टर हसल्या,
“म्हणजे टेबल पुसताना फडक्याला लागतं तेवढं.”

माझी आई लोण्याच्या कारखान्यात
एकतीस वर्षं डबे सील करायची.
निवृत्तीनंतर दरमहा दोनशे चाळीस डॉलर,
मरेपर्यंत, ठरलेले.
सुरुवातीला त्यात भाडं भागायचं
आणि दर शुक्रवारी केस सेट करून घेणं.
आधी शुक्रवार गेले.
मग भाड्यातलं निम्मं मी भरू लागले,
घरमालकाला सांगून ठेवलं, बोलू नकोस.
शेवटी त्या चेकमध्ये
रक्तदाबाच्या गोळ्या यायच्या, आणि मांजराचं खाणं.
चेक एकदाही चुकला नाही.
ती शेजारणींना ऐकवायची,
“एक सेंट कधी कमी केला नाही त्यांनी.”
खरंच होतं ते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण अंथरूण दर हिवाळ्यात एक बोट आखूड होत असेल
आणि धुणारा म्हणत असेल, तेच आहे हो,
तर माणूस आपल्या पायांनाच दोष देत राहतो.

मी पेन्सिल घेतली.
बारा वर्षांनी शंभरातले जवळजवळ सहा गेलेले.
तेही, महागाई त्यांनी मोजलेलीच असेल तर.
त्यांची महागाई अंडी मोजते, पेट्रोल मोजते.
आमची यंत्राच्या देखभालीचा करार मोजते,
जो यंदा सात टक्क्यांनी वाढला;
ओमाहातून ओडेलला आलेला फोन मोजते,
जो त्याने दार लावून घेतला;
आणि यंत्र,
ज्याला पत्रातलं एकही पान वाचता येत नाही,
ते अकरा वर्षांचं झालंय.
त्याच्या जागी नवं आणायचं, तेव्हा
डॉक्टर साठीच्या पुढे असतील, मी बहुधा नसेन,
आणि फडक्याला लागलेलं ते सगळं
कुणीतरी पिळून परत मागेल.

साडेतीनला व्हर्जिल बाहेर आला.
“उद्या याच वेळेला?”
“उद्या नाही. झालं तुमचं.”
तो टोपी हातात घेऊन उभाच राहिला,
एवढा रिकामा उद्या त्याला ठेवायला जागा नव्हती.
लेक म्हणाली, “क्रौंच आलेत नदीवर,
जाता जाता बघू या का?”
ती घड्याळाकडे न बघता बोलली.
या केंद्रात असं मी फार कमी वेळा पाहिलंय.

पत्र मीच सहीला नेलं.
डॉक्टरांनी केली, झोकदार, दोन रेघा ओढून.
मी मधे पडले नाही.
पडले असते तर व्हर्जिलला काय सांगणार होते?

लिफाफा पेटीत टाकून आले,
नवी वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची.
वर लिहिलं: न चुकलेल्या चेकांचा हिशेब.
खाली तारीख, पहिली ओळ,
वजा: शून्य.
तेवढं पेनने लिहिलं.