चार बोटं

ग्वाल्हेरात, दौलतगंजात, पंखे दुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली.
खाली फकीरचंद कॉइल गुंडाळतो,
वर मी लोकांचे वाढदिवस जोडते.

शाल्मली घारपुरे आली ती फोन पुढे धरूनच.
"बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत. बारा मिनिटांची फिल्म.
फोटो सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेत, एकशे चार."
एकशे चारच्या एकशे चार जेपेग,
काकाकडून आत्याला, आत्याकडून ग्रुपला,
प्रत्येकाने चिमूटभर खाऊन पुढे दिलेल्या प्रसादासारखे.
म्हटलं, बघ, पडदाभर केला की
बाबांच्या मिशीचे चौकोन होतात.
"पण फोनवर तर छान दिसतं."
फोनवर सगळंच छान दिसतं, बाई.
मूळ प्रिंट आण.

दुसऱ्या दिवशी श्रीखंडाच्या डब्यातून प्रिंट आले
आणि सोबत कुणीतरी कानात घातलेलं: तीनशे डीपीआय.
ती तेच धरून बसली,
सत्यनारायणाच्या सव्वा मापासारखं.
व्हिडिओला इंच ठाऊक नाही गं,
त्याला फक्त ठिपके मोजता येतात:
आडवे एकोणीसशे वीस, उभे एक हजार ऐंशी.
हळूहळू चेहऱ्याजवळ जायचं असेल तर दुप्पट हवेत,
नाहीतर जवळ जावं आणि तिथे कोणी नसावं.

टिफमध्ये काही म्हणता काही हरवत नाही,
पण माझं मशीन चौथ्या टिफला धापा टाकतं,
चढावर श्योपूरची छोटी रेल टाकायची तशी.
त्याच गाडीचे गार्ड होते घारपुरे.
म्हणून बहुतेक फोटो जेपेगच, वरच्या दर्जाचे,
एकदा सेव्ह केले की पुन्हा हात न लावायचे.

एक मात्र कात्रीतून आलेला.
सबलगढचा फलाट. मागे पेनाने: शहात्तर.
टोपी, काखेत झेंडे, घारपुरे इतके तरुण की ओळखू येऊ नयेत,
आणि शेजारी माणसाच्या मापाचं भोक.
कात्री नीट चाललेली, घाईत नाही.
फक्त खांद्यावरची चार बोटं कापता आली नव्हती,
खांदाही गेला असता.

कोण ते मी विचारलं नाही.
शाल्मली म्हणाली, "ती बोटं तेवढी पुसून टाक ना."

जेपेगला रिकामं असणं कळत नाही.
भोक दिलं की तो पांढरा रंग भरतो
आणि हात झटकतो.
पीएनजी रिकाम्याला रिकामं राहू देते.

मी दोन फाइली केल्या.
एकीत भोकाच्या जागी भिंत, फलाट,
पाण्याचा एक माठ, जो तिथे कधीच नव्हता.
खांदा स्वच्छ. जेपेग. नऊशे केबी.
दुसरी पीएनजी, एकोणतीस एमबी.
भोक भोकच, कडेला कात्रीची किंचित थरथर,
बोटं चार, एकात अंगठी.
फिल्ममध्ये पहिली गेली.
गिऱ्हाईक शेवटी शाल्मली.

कार्यक्रम झाला, पैसे आले.
नवव्या दिवशी जिन्यावर काठी वाजली.
घारपुरे. एकटेच. बसा म्हटलं तरी उभे.
"फिल्म चांगली केलीस.
सबलगढच्या फोटोतली बोटं कुठं गेली?"

मी पीएनजी उघडली.
भोकातून राखाडी-पांढरे चौकोन दिसत होते.
"ही फरशी कसली?"
फरशी नाही काका, म्हटलं,
इथे काही नाही, हे सांगायची खूण आहे.
ते वाकले. चष्मा कपाळावर नेऊन
तिकिटं मोजावीत तशी बोटं मोजली.
"हं. आहेत."
मग, मी न विचारताच, "कात्री माझीच."
मग, "किती जवळ नेता येतं?"

बाराशेवर स्कॅन केलाय, म्हटलं, पुष्कळ.
नेलं. अंगठीपर्यंत. नखापर्यंत.
अजून, म्हणाले. अजून नेलं.

खाली फकीरचंदने जोडलेला पंखा लावून पाहिला.
ते जिना उतरून गेले तरी
तो फिरतच होता.